देवाला घातलेले पट्टे

खराडीच्या रानात ज्वारीऐवजी काचेच्या इमारती उगवायला लागल्या, त्या वर्षांतली ही गोष्ट. सगळं सपाट झालं, तरी बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्याचं धुराडं तेवढं मधोमध उभं राहिलं होतं. विटांचं, उंच, लालकाळं. त्याच्या तिन्ही अंगांना आयटीवाल्यांच्या काचा चकाकत, आणि त्या काचांत ते दिवसभर स्वतःला निरखत असे, लग्न न जमलेल्या थोराड नवऱ्यासारखं. सुरुंग लावून पाडावं तर काचा फुटतील. यंत्र आणावं तर तेवढ्या लांब हाताच्या यंत्राला वळायला जागा नाही. मग राहिली माणसं. माणसं कुठंही वळतात.

दत्तोबा मुकादमाची टोळी त्या कामाला लागली. वर चढणारे दोघे, भैरू आणि संपत. बाकीचे खाली. आणि धुराड्याच्या बुडाशी भैरूची बायको, बायडाबाई.

काम असं चाले. वरच्यांनी वीट सुटी करायची आणि ती धुराड्याच्या पोटातच सोडायची. बुडाला, जिथून पूर्वी भट्टीचा धूर आत शिरायचा, तिथं माणूस वाकून जाईल एवढं भगदाड होतं. तिथून राडारोडा ओढून काढायचं काम बायडाबाईचं आणि तिच्या सोबतिणींचं. वरून आधी हाक यायची, "आऽलं गंऽ!" मग बायका फावडी घेऊन बाजूला व्हायच्या, आणि बायडाबाई भगदाडाच्या कडेला उभी राहून उलट हाक द्यायची, "येऊ द्याऽ!" ती हाक गेल्याशिवाय वरून खडासुद्धा सुटायचा नाही. हा नेम दत्तोबाच्या आज्यापासूनचा. टोळीत दुसरा कुठलाच नेम कुणी पाळत नसे, पण हा पाळत.

धुराड्याची गंमत अशी, की त्याच्या पोटातून वर जाणारा आवाज वाढत जायचा आणि वरून खाली येणारा आवाज देवाचा होऊन यायचा. भैरूनं वरून चिमूटभर तंबाखू मागितली तरी खाली आकाशवाणी झाल्यासारखी वाटायची. बायडाबाईला मात्र त्या आकाशवाणीचं काडीचं भय नव्हतं. तिचा गळा मोठा आणि जीभ त्याहून मोठी. विटांचा ढीग उपसता उपसता ती भगदाडात तोंड करून ओवी सोडायची:

"धुराड्याच्या टोकाला गं, कोण बसलंय कावळं,
भाकर दिसली खाली की, तोंड करितंय बावळं."

वरून कावळ्याचं हसू गडगडत खाली यायचं. "बायडे, घे की गं एकदा नाव! कावळ्याचं तर कावळ्याचं!"

हे नावाचं प्रकरण लग्नापासूनचं. लग्नात सगळ्या जणी नवरीला अडवून बसल्या होत्या, उखाण्यात नवऱ्याचं नाव घे म्हणून. तर नवराच जागेवर नव्हता. मांडवाच्या खांबावरचा भोंगा बोलेना म्हणून स्वारी बाशिंग बांधून खांबावर चढली होती. भोंगा बोलायला लागला तो खांब मोडल्यावरच. भोंगा, खांब आणि नवरदेव असे तिघं मिळून आचाऱ्याच्या बुंदीच्या परातीत उतरले. बायडाबाईनं बुंदीनं माखलेला तो नवरा पाहिला आणि भर मांडवात सांगितलं, "ह्येचं पाय भुईला राहतील त्या दिवशी नाव घेईन."

पाय काही भुईला राहिले नाहीत. टाक्या, मनोरे, जुने पूल, जे म्हणून उंच आणि पाडायचं, त्याच्या टोकाला भैरू. आणि बायडाबाईनंही नाव घेतलं नाही. संक्रांतीचं हळदीकुंकू असो, डोहाळजेवण असो, बायका गळ्यात पडल्या तरी ती म्हणायची, "उतरू द्या की आधी खाली."

लोकांना वाटायचं, हट्टी आहे. आधी होताच हट्ट. पण भैरूचा थोरला भाऊ एका टाकीच्या परांचीवरून पडून गेला, त्या दिवसापासून हट्टाचं काहीतरी वेगळंच झालं. टोळीतले म्हणाले, त्याची वेळ भरली होती. बायडाबाई म्हणाली, वेळ नव्हती भरली, फळी कुजली होती. हे ती म्हणाली खरी. पण जावेचं कपाळ पुसलेलं पाहिलं आणि तिच्या मनानं आतल्या आत एक गाठ मारून ठेवली. त्याचं माझ्याकडं नाव घ्यायचं राहिलंय. ते राहिलंय तोवर त्याला जाता यायचं नाही. येणं ठेवून कोण जातं? ही गाठ तिनं कुणाला दाखवली नाही. भैरूलाही नाही. त्याला आपलं वाटत राहिलं, की बाईला बुंदीचा राग आहे.

अशात कंपनीनं सुरक्षेसाठी एक मॅडम पाठवली. नारायण पेठेतली, सुनीती नावाची. किडकिडीत, चष्मा, डोक्यावर पांढरं हेल्मेट आणि बोलणं असं, की ऐकणाऱ्याला आपला अपमान झालाय हे जेवून हात धुताना कळावं. तिनं येताना नवेकोरे पट्टे आणले. खांद्यावरून, छातीवरून, मांड्यांमधून आवळायचे, पाठीला दुहेरी दोर, दोराला दोन हूक. धुराड्याच्या मानेखाली तिनं पोलादी तारेचा घट्ट वेढा घालून घेतला, आणि हूक त्यातच अडकवायचा, परांचीच्या बांबूला नाही, असं प्रत्येकाला दोनदा समजावलं. भगदाडाजवळ पाटी लावली: 'पट्टा न लावता वर जाणाऱ्यांनी आपला एक चांगला फोटो खाली देऊन जावे. हार आमच्याकडे आहे.'

भैरूनं पट्टा उलटसुलट करून पाहिला. "म्हशीला दावं आसतं, कुत्र्याला पट्टा. म्या काय दोनी हाय व्हय?" तारेच्या वेढ्याचा उपयोग मात्र त्याला लगेच पटला. दुसऱ्या दिवसापासून तो त्यावर आपली लुंगी वाळत घालायला लागला.

बायडाबाईनं सांगून पाहिलं, भांडून पाहिलं, भाकरी करपवून पाहिली. भैरू करपलेली भाकरी चुलीपुढं बसून मुकाट्यानं खायचा आणि सकाळी तसाच मोकळा वर जायचा. दुसऱ्यांच्या बायका नवऱ्याचं तोंड बघून दिवस ओळखतात. ती शिडीवरून चढत जाणारे त्याचे तळवे बघत राहायची. भेगांचे, चुन्यानं पांढरे झालेले ते तळवे लहान लहान होत जायचे, आणि तिची ओवी अर्ध्यावरच राहायची.

आणि खंडेनवमी आली.

वर्षभर राबलेल्या हत्यारांना त्या दिवशी सुट्टी. धुवायचं, पुसायचं, पाटावर बसवायचं, झेंडू वाहायचा, आणि दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही. पण यंदा पेच पडला. धुराड्याच्या गळ्यात एक जाडजूड लोखंडी कडं होतं, वरच्या रुंद तोंडाच्या विटा त्या कड्यानंच आवळून धरलेल्या. ते कापायचं तर खालचा रस्ता बंद हवा. आणि नेमकी रविवारी आलेली नवमी, आयटीवाले घरी, म्हणून रस्ता मिळाला तो त्याच दिवशी.

दत्तोबा रात्रभर खल करून सकाळी हसतमुखानं उठला. "हत्यारं बसली तर काम बसतंय," तो टोळीला म्हणाला. "काम बसलं तर ठेकेदार माझ्या उरावर बसतोय. पर कायतरी बसवायला तर पायजेच. मंग आसं करू. घण, छिन्न्या, पाती वर जाऊ द्या. पट्टं बसवू! नवंकोरं हायत, कंपनीचं हायत, अन् ते बसलं म्हनून कुनाचं आडत बी न्हाई."

टोळीला हे इतकं पटलं, की सगळ्यांनी माना डोलावल्या. लिंबाखालच्या शेंदराच्या धोंड्यापुढं पाट मांडला, पाटावर पट्टे घडी घालून बसवले. प्रत्येक हुकाला हळदकुंकू, प्रत्येक पट्ट्याला झेंडूची माळ, पुढं नारळ. इतके देखणे पट्टे जन्मात कुणी पाहिले नव्हते. भैरूनं सगळ्यांत आधी वाकून नमस्कार केला आणि मोकळ्या अंगानं शिडीला लागला. मागोमाग संपत.

बायडाबाई भगदाडाशी उभी राहून हे बघत होती. "मुकादम," ती म्हणाली, "पट्टं देवाला घातलं, मानसं कशाला घालनार?"

"आजच्या दिवस देव बगून घील."

"देवाचं हात धोंड्याचं हायत. झेलायला आलं तर अजून लागंल."

दत्तोबानं कानांवर हात ठेवले. वरून लोखंडावर पातं घासल्याचा किरकिर आवाज यायला लागला होता.

सुनीती आली ती घामाघूम, पायी. रस्ता बंद ठेवा म्हणून तिनंच पोलिसांना पत्र दिलेलं, आणि पोलिसांनी तो इतका चोख बंद ठेवला होता, की तिलाही आत सोडेनात. शेवटी गाडी तिकडंच टाकून, रानातून, झेंडू विकणाऱ्या बायांच्या टोपल्या ओलांडत ती आली होती. तिनं वर पाहिलं. वर दोन मुंगळे मोकळेच हलत होते. मग तिनं पाटाकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"अहो मुकादम," ती म्हणाली, "हे काय आहे?"

"खंडेनवमी हाय म्याडम."

"ते दिसलं. पट्टे देवाला घातलेत का? देव पडणार नाहीये. तो आधीपासून खालीच बसलाय."

"म्याडम, श्रद्धेचा..."

"काम थांबवा."

दत्तोबाचा चेहरा पडला, पण गडी खरं बोलला. "थांबवाया काय, थांबवतो. पर कडं निम्मं कापून झालंय. निम्म्यावर सोडून सगळी खाली आली, अन् वाऱ्यानं ते कलंडलं, तर वरचं तोंड कुनीकडं पडंल ते इटांनाच ठावं. रस्त्यावर पडंल, न्हाईतर त्या काचंवर. आता पुरं केल्याबिगर गत न्हाई."

सुनीतीनं कंपनीच्या साहेबांना फोन लावला. साहेब घरी श्रीखंड खात असावेत, असा आवाज आला. श्रद्धेचा प्रश्न आहे, जरा ॲडजस्ट करा, म्हणाले. तिनं फोन ठेवला. चष्मा काढून ती नुसतीच पुसत उभी राहिली.

 बायडाबाई सुनीतीच्या अगदी जवळ गेली. "म्याडम, तुमच्या तिकडं देव बसवत्यात, तसं उठवायचं बी कायतरी आसतं न्हवं?"

"उत्तरपूजा. अक्षता टाकायच्या, जरासं जागेवरून हलवायचं. झाले देव मोकळे."

"येती तुमास्नी?"

सुनीतीनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "माझे आजोबा भिक्षुकी करायचे. दीड दिवसाचे गणपती ते दुपारच्या एसटीच्या वेळेप्रमाणे उठवत."

"मंग उठवा की पट्टं!"

दत्तोबा मध्ये आला. दसऱ्याच्या आत उठवले तर कोप होईल म्हणाला. सुनीती त्याला अत्यंत आदरानं म्हणाली, "मुकादम, आपण यजमान. हात जोडा, डोळे मिटा आणि मध्ये बोलू नका." मग तिनं मूठभर तांदूळ घेतले, हेल्मेट सरळ केलं, आणि नारायण पेठेतल्या जुन्या माजघरांतून घुमायचा तसला, लांबवलेला, नाकातला सूर लावला:

"फुऽल बॉडी हार्नेऽसम्... डबल लॅनयाऽर्डम्... शॉक ॲब्सॉऽर्बरम्... इन्स्पेक्शन बिफोऽर यूजम्... नमो नमऽः!"

तांदूळ पडले. बायडाबाईनं नमस्कार केला तो तोंडात पदर कोंबण्यासाठीच. सोबतिणी खाली मान घालून गदगदत होत्या. दत्तोबानं डोळे उघडले आणि सुनीतीकडं टक लावून पाहिलं. माणूस काही खुळा नव्हता. पंधरवड्यात त्यानं हे सगळे शब्द तिच्याच तोंडून रोज सकाळी ऐकले होते.

"मंतर वळखीचा वाटला," तो हळूच म्हणाला.

"जुना आहे."

दत्तोबानं एकदा वर पाहिलं. किरकिर चालूच होती. भैरूच्या थोरल्या भावाला परातीत भरावं तसं त्यानंच गोळा केलं होतं. त्यानं खाली वाकून पाट स्वतःच्या हातानं बोटभर सरकवला. "ऱ्हाऊ द्या. देवाला आताशा विंग्रजी कळत आसंल. समदी खराडी तेच बोलतीय."

कप्पीच्या दोरावरून घमेलं वर निघालं. त्यात दोन पट्टे, माळांसकट. बायडाबाई भगदाडाच्या कडेला येऊन कान देऊन उभी राहिली. किरकिर थांबली. मग संपतची आकाशवाणी झाली, "आरं, प्रसाद आला!"

थोडा वेळ गेला. पुन्हा संपतच. "म्या घातला बगा! हूक बी आडकवला तारंला. भैरूदाची लुंगी काडली."

आणि मग भैरूचा आवाज, खवळलेला. "ह्येला हळदकुकू हाय! देवाची वस्तू! अन् ह्यो पट्टा कुटनं जातोय ठावं हाय का त्या म्याडमला? मांड्यांमधनं! देवाची वस्तू म्या तिथं बांधू?"

धुराड्याच्या तोंडातून हे सगळं असं घुमत आलं, की झेंडूवाल्या बायासुद्धा माना वळवून ऐकायला लागल्या. सुनीतीचा चेहरा हलला नाही. "म्हणावं, तिथलं सगळं देवानंच केलंय. त्याला नवीन नाही."

बायडाबाईनं हा निरोप जसाच्या तसा वर पोचवला.

"न्हाई म्हंजी न्हाई! थोडंच कापायचं ऱ्हायलंय. आवरतो अन् येतो."

बायडाबाईनं डोक्यावरचं हेल्मेट घट्ट केलं. फावडं टाकलं. आणि भगदाडाच्या कडेला पाय रोवून तिनं आवाज लावला, "मंग ऐका! पट्टा अंगाला लागल्याबिगर म्या 'येऊ द्या' म्हननार न्हाई! आज न्हाई, उद्या न्हाई! बसा तितंच कावळ्यावानी, हातात इटा धरून!"

 हाकेशिवाय खडाही सोडायचा नाही, हा एकच नेम टोळी पाळत होती, आणि तो भैरू मोडणार नाही हे तिला ठाऊक होतं. खाली उभ्या माणसाच्या डोक्यावर वीट सोडेल तो भैरू नव्हे. स्वतःच्या डोक्याचं काहीही होवो.

मग आवाज आला. या वेळी देवाचा नव्हता तो, बाजारात घासाघीस करणाऱ्या माणसाचा होता.

"बायडे... घालतो. पर एक बोली हाय."

"बोला."

"नाव घे. आत्ता. समद्यांम्होरं. ह्या धुराड्यातनं."

खालची टोळी एकदम चेकाळली. "घ्या वैनी, घ्या!" सोबतिणींनी तिला कोपरानं ढोसलं. दत्तोबा म्हणाला, "घे पोरी. देव उठवलेस, आता नवऱ्याला तेवढं बसव." सगळे हसत होते, आणि बायडाबाई भगदाडाची कड धरून उभी होती.

कुणाला काय माहीत, की ते नाव तिनं इतकी वर्षं कशासाठी ठेवलं होतं. ते घेतलं की गाठ सुटली. देणं फिटलं. मग त्याला अडवायला तिच्याकडं उरतं काय?

तिची नजर लिंबाखाली गेली. पाटावर उरलेले पट्टे तसेच होते. हळद लावलेले, माळा घातलेले, घडी न मोडलेले. किती जपून बसवलेत, आणि कुणाच्याही अंगावर नाहीत. दत्तोबाला ती सकाळपासून मनातल्या मनात खुळा म्हणत होती. मीही तेच केलं की, तिच्या मनात आलं, आणि तिला एकाच वेळी हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणी आलं. एवढं गोड नाव, आणि पाटावर बसवून ठेवलं.

तिनं पदर खोचला. भगदाडाच्या कडेला कपाळ टेकवल्यासारखी उभी राहिली, छाती भरून घेतली:

"इटंवर इट, इटंवर इट, धुराडं उभं ताठ,
भैरूरावांच्या कंबरंला पट्टा, तवाच सोडते वाट!"

'भैरूरावांच्या' हा शब्द धुराड्यात शिरला आणि वाढत, घुमत, विटाविटांना आपटत वर चढला. वरच्या तोंडातून तो बाहेर पडला असेल तेव्हा काचांच्या इमारतींनीही तो ऐकला असेल. टोळीनं टाळ्या पिटल्या. झेंडूवाल्या बायांपैकी एकीनं शिट्टीच मारली.

 मग संपत म्हणाला, "वैनी, भैरूदा रडतंय. पर पट्टा घालतंय." आणि मागून भैरूचा ओरडा, "धूळ गेली डोळ्यात! हूक आडकवला! पयला बी, दुसरा बी!"

"तारंलाच न्हवं?"

"तारंलाच!"

किरकिर पुन्हा सुरू झाली. सुनीती सगळ्यांना मागं हटवत होती, आणखी मागं, लिंबाच्याही मागं. बायडाबाई शेवटी राहिली. मग ती किरकिर बदलली, पातळ झाली. "आऽलं गंऽ!" अशी हाक आली.

बायडाबाईनं एकदा डोळे मिटले. "येऊ द्याऽ!" म्हणाली आणि पळाली.

कडं सुटलं ते गोफण सुटावी तसं. खण्णकन आवाज झाला, आणि गळ्याच्या विटा, कुणी आतून श्वास ओढावा तशा, आत कोसळल्या. धुराडं गुरगुरलं. बुडाच्या भगदाडातून लाल धुळीचा लोट बाहेर आला आणि क्षणात लिंब दिसेनासा झाला, देव दिसेनासा झाला, माणसं दिसेनाशी झाली.

धूळ खाली बसायच्या आत बायडाबाई भगदाडाशी पोचली होती. "अवंऽ!" तिनं हाक मारली. हाक पुढं जाईना, तोंडावरच परत आली. विटांनी धुराड्याचं पोट गच्च भरलं होतं. वाट बंद. इतके दिवस त्याचं शिंकणंसुद्धा खाली ऐकू यायचं, आणि आज कामाच्या वेळेला धुराडं मुकं झालं होतं. तिनं नखांनी विटा ओढायला सुरुवात केली. सुनीतीनं तिला मागून कवटाळून ओढलं. "बायडाबाई, वर बघा. वर."

वर तांबडं धुकं होतं. परांचीची एक बाजू लोंबकळत होती. तिथं जी फळी असायची, ती नव्हती. बाकी काहीच दिसत नव्हतं.

मग त्या धुक्यातून काहीतरी तरंगत खाली आलं. एक पाकळी. मागून दुसरी. मग झेंडूच्या पिवळ्या पाकळ्यांचा सडाच, सावकाश, गिरक्या घेत, हेल्मेटांवर, खांद्यांवर, विटांच्या ढिगावर उतरला.  बायडाबाईनं हात पुढं केला. एक पाकळी तळहातावर पडली. ती तिनं मुठीत दाबून धरली.

"निम्मी माळ गेली!" वरून उघड्या आभाळातून भैरूचा आवाज आला. यात आकाशवाणीचं काही नव्हतं. चिरका, बारीक, माणसाचा आवाज. "देवाला म्हनावं, भरून दीन!"

शिडीवरून आधी संपत उतरला, मग भैरू. बायडाबाईला ते तळवे मोठे मोठे होत येताना दिसले. भेगा दिसल्या. चुना दिसला. शेवटची पायरी सोडून भैरू भुईवर उभा राहिला, तांबडाभडक, फक्त डोळे आणि दात पांढरे, गळ्यात उरलेली निम्मी माळ.

"काय झालंच न्हाई," तो आधीच म्हणाला. "उगा बांधलं. ती फळी गेली, एवडंच."

"तुम्ही कुठं होतात, फळी गेली तेव्हा?" सुनीतीनं विचारलं.

"म्या? बाजूला हुतो."

संपत दुसरीकडंच बघत होता. सुनीतीनं भैरूच्या पाठीचा दोर हातात घेतला. त्या दोरात एक जाड पाकीट शिवलेलं असतं. माणूस पडला, तर त्याची शिवण टरटर उसवत जाते आणि धक्का पिऊन टाकते. सकाळी ते पाकीट बंद होतं. आता ते फाटलं होतं, आणि आतली घडी उलगडून हातभर लांब लोंबत होती.

"हे बाजूला उभं राहून उसवत नाही," सुनीती म्हणाली. मग तिनं खिशातून कात्री काढली. "एकदा झेललेला पट्टा परत वापरायचा नसतो. उतरवा. कापून टाकते. तुम्हाला नवा देईन."

"थांबा म्याडम," बायडाबाई म्हणाली. "जरा ऱ्हाऊ द्या अंगावर."

ती पुढं झाली. उसवलेली ती शिवण तिनं दोन बोटांनी चाचपली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. हातभर. तिचा नवरा आज हातभर गेला होता, आणि परत आला होता. तिनं छातीवरचा पट्टा दाव्यासारखा मुठीत धरला, आणि भैरूला आपल्यापुढं सरळ उभं केलं. त्याचे दोन्ही पाय तिनं नीट पाहिले. होते, भुईलाच होते. आता कुणी म्हटलं नाही, की नाव घे. कुणी हसलंही नाही. या वेळी आवाज धुराड्यात शिरायचा नव्हता. त्याच्या कानापर्यंत गेला की पुरे होता.

"आभाळातला झेंडू भुईवर सांडला,
भैरूरावांपायी म्या देवाशी दावा मांडला."

भैरूनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. पण तेवढ्यात, इतका वेळ आवरून धरलेले त्याचे गुडघेच गेले, आणि तो होता तिथंच, पट्ट्यासकट, पाकळ्यांच्या सड्यात मटकन बसला.

आणि दत्तोबा मुकादमानं, सवयीनं, हात जोडले.